टीपॉय सजवताय? आधी चहाच्या ट्रेची जागा ठरवा

इन्स्टा-पिंटरेस्टवर कॉफी टेबलचे जे फोटो फिरतात ना, पांढरंशुभ्र मार्बल टॉप, त्यावर दोन-तीन जाडजूड पुस्तकं, वर एक सुगंधी मेणबत्ती आणि बाजूला सुक्या गवताचा झुपका, ते मला मनापासून आवडतात, मी सेव्हही करून ठेवते, पण त्यात चहाचा कप ठेवायला जागा कुठेच नसते. आणि आपल्याकडे हॉलमध्ये टीपॉय असतो तोच मुळी त्यासाठी. माणूस आलं की आधी पाण्याचे ग्लास, मग चहा, सोबत चिवडा नाहीतर गरम पोहे, कोणी लग्नपत्रिका घेऊन येतं ती ठेवायला जागा, कोणी पेढ्यांचा बॉक्स. पाहुणे नसतील तेव्हा सकाळचा पेपर, मुलांच्या वह्या, संध्याकाळी सिरियल बघत मेथी निवडायची असेल तर परात. म्हणजे घरातलं सगळ्यात जास्त राबणारं टेबल हेच.

म्हणून माझं म्हणणं असं की सजवायला बसलात की सगळ्यात आधी घरातला रोजचा चहाचा ट्रे आणून टेबलावर ठेवा, जिथे तो सहज ठेवला जातो तिथे, आणि ती जागा मनातल्या मनात राखून टाका. सजावट करायची ती उरलेल्या जागेत. एवढं एक पाळलं ना की बाकीचे निर्णय फार सोपे होतात.

आता मापांचं बोलू, कारण माप फसलं तर वर कितीही सुंदर वस्तू ठेवा, हॉल भरल्यासारखाच वाटतो. मुंबई-ठाण्याकडच्या टू बीएचकेत हॉलची रुंदी बऱ्याचदा १० फुटांच्या आसपास असते, म्हणजे १२० इंच. त्यात सोफ्याची खोली ३४ इंच धरा, सोफा आणि टीपॉयच्या मध्ये १६ इंच, टीपॉय २२ इंच रुंद आणि समोरचं टीव्ही युनिट १६ इंच. बेरीज झाली ८८, उरले ३२ इंच, आणि तेवढ्यातून हातात भरलेला ट्रे घेऊन माणूस आडवं न होता नीट जाऊ शकतं. दुकानात तोच टीपॉय ३० इंच रुंदीचा बघून आवडतो, तिथे हॉल मोठा असतो ना, पण घरी आणला की जायला २४ इंचच राहतात आणि रोज कोणाची ना कोणाची नडगी आपटते. सोफा ते टेबल ह्या अंतरात १४ ते १८ इंच काहीही चालतं, गुडघेही मावतात आणि पुढे न सरकता कपही उचलता येतो. उंची सोफ्याच्या सीटएवढी किंवा त्याहून इंच-दोन इंच कमी, म्हणजे साधारण १६ ते १८ इंच. लांबीचा इंटिरियरवाल्यांचा नियम आहे की सोफ्याच्या दोन तृतीयांश, त्या हिशोबाने साडेसहा फुटी सोफ्याला ५२ इंची टेबल लागतं, पण आपल्या हॉलमध्ये एका बाजूने बाल्कनीत जायची वाट असते, त्यामुळे मला ४२ इंच पुरेसं वाटतं.

४२ बाय २२ चं टेबल धरलं तर चहाचा ट्रे साधारण १६ बाय १२ चा असतो, शिवाय समोरच्या खुर्चीतल्या माणसाची डिश ठेवायला थोडी जागा, म्हणजे दोन तृतीयांश टेबल मोकळं ठेवायचं आणि एक तृतीयांश सजावटीला. ते होतं १४ बाय २२ इंच, आणि ही जागा काही कमी नाही हो, नीट मांडलं तर भरपूर होतं. आणि शक्यतो ही जागा टेबलाच्या मधोमध घेऊ नका, एका टोकाला घ्या. मधोमध फुलदाणी ठेवली की दोन्ही बाजूंना अर्धवट अर्धवट जागा उरते आणि ट्रे कुठेच बसत नाही.

त्या १४ बाय २२ मध्ये काय ठेवायचं? मी तीन वस्तूंवर थांबते. एक जरा उंच, एक मध्यम, एक बसकी. उंच म्हणजे १० ते १२ इंच, त्यापेक्षा उंच गेलं की समोरासमोर बसलेली माणसं मान वाकडी करून बोलायला लागतात. आणि ह्या तिन्ही वस्तू सुट्या न ठेवता एका पितळी तबकात किंवा लाकडी ट्रेमध्ये ठेवायच्या, ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, कारण अचानक सहा-सात माणसं आली तर अख्खं तबक एका झटक्यात उचलून टीव्ही युनिटवर ठेवता येतं, आणि सकाळी पुसायला येणाऱ्या मावशींनाही एकेक वस्तू उचलत बसावं लागत नाही. आपल्याकडे रस्त्यावरची धूळ दिवसातून दोनदा पुसली तरी परत येते, त्यात बारीक बारीक बारा वस्तू मांडून ठेवल्या की आठवड्यात त्या कळकट दिसायला लागतात आणि कोणी हात लावेनासं होतं.

वस्तू कुठून आणायच्या ह्याबद्दल मला फार मनापासून वाटतं की आधी घरातली कपाटं आणि माळा बघावा. आमच्या तबकात मध्यम उंचीची जी वस्तू आहे ती आजीचा पितळी चौफुला. फुलाच्या पाकळ्यांसारखे चार खण, मधोमध एक खुंटी आणि तिच्याभोवती फिरणारं झाकण. पूर्वी हा हळदीकुंकवाला निघायचा आणि एरवी जुन्या साडीत गुंडाळलेला असायचा. आता त्यात वेलची, लवंग, भाजलेली बडीशेप आणि खडीसाखर असते आणि तो कायम टीपॉयवर असतो. चहा झाला की आलेला माणूस आपणहून हात पुढे करतो, झाकण फिरवताना थोडं कुरकुरतं, मग एक खण उघडतो, मग दुसरा, आणि हमखास कोणीतरी म्हणतं की आमच्याकडे पण असा होता, आणि मग तो कोणाकडे गेला त्याची गोष्ट निघते. कुठलीही विकतची शोपीस हे करू शकत नाही. खुंटीपाशी खोबरेल तेलाचा एक थेंब सोडला की झाकण मोकळं फिरतं, आणि पाकळ्यांच्या खोबणीत मळ बसतो तो जुन्या टूथब्रशनेच निघतो.

जुनं पितळ घासायला चिंच किंवा लिंबू-मीठ उत्तम, नाहीतर पितांबरी आहेच, पण घासून झाल्यावर भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडं करायचं, आंबट राहिलं की कोपऱ्यांत हिरवट डाग येतात. आणि हल्ली अँटिक फिनिश म्हणून ज्या नव्या वस्तू मिळतात त्यांना चिंच अजिबात लावू नका, त्यांच्यावर लॅकरचा थर असतो, तो कुठे निघतो कुठे राहतो आणि वस्तू चट्ट्यापट्ट्यांची होऊन बसते. त्या फक्त मऊ ओल्या फडक्याने पुसायच्या.

घरात जुनं काही नसेल तर विकत घ्या की, पण जिथे बनतं तिथलं घ्या. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजूनही हातोडीने तांबं घडवतात, त्या ठोक्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याची चकती वेगळी दिसते, प्रकाश पडला की शेकडो ठिपके चमकतात, आणि ह्या ठोकण्याने पत्रा कडकही होतो. टीपॉयसाठी मला हे फार सोयीचं वाटतं कारण गुळगुळीत तांब्यावर बोटांचे ठसे लगेच दिसतात, मठारलेल्यावर दिसत नाहीत. एक उथळ वाडगा घेतला तर किल्ल्या, चष्मा, इयरफोन सगळं त्यात. सावंतवाडीला गेलात तर चितार आळीतली लाकडी फळं बघाच, आंबा, सीताफळ, केळी, लांबून खरीच वाटतात, आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. गंजिफाची पानं गोल असतात, दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगाची १२ पानं अशी १२० पानं. सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ही कला बुडता बुडता सावरली. एक छोटा संच त्याच्या रंगवलेल्या डब्यासकट टीपॉयवर ठेवला तर लहान मुलं मोबाईल खाली ठेवून मत्स्य, कूर्म, वराह शोधत बसतात, हे मी बघितलंय. पानांवर चहा सांडू नये म्हणून डबा मात्र ट्रेच्या विरुद्ध टोकाला.

रिमोटसाठी बांबूची लांबट परडी. बुरूडांकडे सांगून करून घेतली तर रिमोटच्या मापाची मिळते, ती खालच्या फळीवर सरकवून ठेवायची. सजावट म्हणून कोणी बघत नाही, पण टेबल आवरलेलं दिसण्यात सगळ्यात मोठा वाटा हिचाच.

कापडाचं म्हणाल तर पूर्वी क्रोशाचा रुमाल नसलेला टीपॉय क्वचितच दिसायचा, आता खणाचा रनर, म्हणजे टेबलावर घालायची लांबट पट्टी, सगळीकडे दिसतो आणि मला तो खूपच आवडतो, ती इरकली काठाची लाल-हिरवी लकेर साध्या लाकडावर इतकी उठून दिसते की बाकी फार काही लागतच नाही. फक्त तो टेबलाच्या लांबीत पूर्ण घालण्यापेक्षा सजावटीच्या टोकाला रुंदीत आडवा घाला. लांबीत घातला की चहाचा ट्रे कापडावर येतो, कप उचलताना रनर ओढला जातो, आणि डाग तर पडतातच. नवा खण पहिल्यांदा धुताना रंग जाऊ शकतो, तेव्हा गार पाण्यात, एकटाच. आणि घरात विरलेली पैठणी असेल, नेसण्यासारखी राहिली नसेल, पण पदर आणि काठ शाबूत असतील, तर काचेच्या टॉपखाली तो पदर पसरून ठेवा. वर काच असल्याने हात लागत नाही, मोर रोज डोळ्यांसमोर राहतात, फक्त खिडकीचं थेट ऊन येत असेल त्या टेबलाला हे करू नका, रंग उडतो.

मग पुस्तकं. कॉफी टेबल बुक म्हणून दोन-तीन हजारांची पुस्तकं आणून ठेवायची आणि ती कोणी उघडायची नाहीत, त्यापेक्षा दिवाळी अंक ठेवा ना! आपल्याकडे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे, आणि मुखपृष्ठांचं म्हणाल तर दीनानाथ दलालांसारखा चित्रकार ह्या अंकांनी घराघरात पोचवला. एवढी सुंदर चित्रं आपल्या रद्दीत जातात! चार अंकांची चळत ठेवायची, वरचा अंक दर आठवड्याला बदलायचा, म्हणजे टेबलाचा रंगच बदलतो आणि खर्च शून्य. जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना घेतलीत तर वर्गणी भरून कितीतरी अंक फिरते मिळतात, वाचूनही होतात आणि टेबलावर सतत नवं काहीतरी. फक्त मोठे अंक खाली, छोटे वर, आणि चळतीवर चौफुला वगैरे काही ठेवू नका, वर वस्तू असली की कोणी अंक काढून वाचत नाही.

झाडांबद्दल जरा थांबून सांगते कारण हे महत्त्वाचं आहे. काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवलेला मनी प्लांट टीपॉयवर छानच दिसतो, उरळीत, म्हणजे पसरट धातूच्या भांड्यात, पाणी घालून त्यात फुलं सोडली तर त्याहून छान, पण डेंगीचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरी येऊन मनी प्लांटच्या बाटल्या तपासतात ते उगीच नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायचंच, आणि नुसतं ओतून उपयोग नाही, बाटलीच्या आतल्या कडा ब्रशने घासायच्या, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी तग धरतात. वार ठरवून टाका, रविवार म्हणजे बाटल्या. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट टीपॉयवर नकोच, पानं चघळली तर तोंडाची आग होते, तो वर टांगा. फुलांचं म्हणाल तर मला सगळ्यात आवडतो तो सोनचाफा, काचेच्या बरणीत पाण्यात पूर्ण बुडवून झाकण लावलेला. झाकण बंद त्यामुळे डासांचीही भीती नाही. उन्हाळ्यात मोगरा, वाटीभर, कोरडाच.

मेणबत्तीचा मोह मात्र आवरा असं मी सांगेन. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने डोक्यावर पंखा असतो, त्यात ज्योत टिकत नाही, काजळी धरते. सुक्या पॅम्पास गवताचं तेच, मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो आणि त्याचे तंतू पंख्याने घरभर होतात. ते फोटो जिथले असतात तिथल्या हवेत ते शोभतं, आपल्या हवेत वाळलेली कमळाची बोंडं टिकतात, दिसायलाही देखणी असतात आणि फुलवाल्याकडे सांगितलं की आणून देतो.

टॉप कशाचा आहे त्यावर पण बरंच अवलंबून असतं. मार्बलला आंबट चालत नाही, लिंबू सरबत, कोकम, पन्हं, सोलकढी ह्यातलं काहीही सांडून राहिलं की पॉलिश खाल्लं जातं आणि तिथे कायमचा निस्तेज डाग राहतो, काळा कडप्पाही त्याच जातीचा, तो दगड कडक दिसतो म्हणून फसू नका. हळदीचा डाग वेगळाच ताप. जुन्या सागवानी टीपॉयला चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असतं, त्यावर गरम कप ठेवला की पांढरं गोल वर्तुळ उमटतं, वाफेची ओल पॉलिशमध्ये शिरते म्हणून. नुकतं उमटलेलं असेल तर वर सुती कापड टाकून कोमट इस्त्री क्षणभर टेकवून उचलायची, ओल निघून जाते, पण इस्त्री जास्त गरम नको. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश ह्या बाबतीत बरंच दणकट. काचेचा टॉप घेताना टफनच, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच घ्या, एका कोपऱ्यात बारीक शिक्का असतो तो बघून घ्या, आणि माप आधीच अचूक द्या कारण टफन झाल्यावर काच कापता येत नाही. टॉप कुठलाही असो, कोस्टर हवेतच, आणि ते ड्रॉवरमध्ये नकोत, टेबलावर उघडे, हाताशी. उघडे असले तरच लोक वापरतात.

सणावाराला टीपॉय वेगळा सजवायला मला फार आवडतं, पण त्यासाठी नवीन सामान लागत नाही, तबक तेच, आतलं बदलतं. संक्रांतीला तिळगुळाचा डबा आणि हलव्याची वाटी, चैत्रात गुलाबदाणी-अत्तरदाणी बाहेर येते, दसऱ्याला आपट्याची पानं आणि झेंडू, दिवाळीत मातीच्या पणत्या, त्याही न पेटवता, कारण फराळाच्या ताटल्यांची ये-जा असते आणि कोणाची ओढणी कधी जाईल सांगता येत नाही. गणपतीत मात्र टीपॉय सरळ बेडरूममध्ये जातो, हॉलमध्ये मखर आणि आरतीला माणसं, तिथे त्याचं काम नाही.

आणि नवीन टेबल घ्यायच्या आधी एक विचार नक्की करा. पुष्कळ घरांत आईवडिलांच्या वेळचा सागवानी टीपॉय असतो, तो आताच्या बसक्या सोफ्यांपुढे उंच वाटतो म्हणून माळ्यावर किंवा भंगारात जातो. लाकूड एकदम अस्सल असतं हो, आज त्या भावात सागवान मिळत नाही. सोफ्याची सीट मोजा, टेबल मोजा, आणि पाय सरळ असतील तर सुतारकाकांना सांगून खालून दोन-तीन इंच कापून घ्या. आधी सपाट फरशीवर टेबल ठेवून चारही पायांवर एकाच उंचीवर खूण करायला सांगा, नाहीतर नंतर डुगडुगतं, आणि कापलेल्या टोकाला पॉलिशचा हात मारून खाली रबरी बूट लावून घ्या, म्हणजे लादी पुसताना पाणी लाकडात चढत नाही.